इतिहासातले गाजलेले देहदंड: देखावा कुणाचा, बाजी कुणाची?

जुनी वही

नमस्कार मंडळी,

फाशीची शिक्षा असावी की नसावी यावर इथे पूर्वी भरपूर धुरळा उडालेला आहे. तो पुन्हा उडवायचा नाही. मला बोलायचंय ते जुन्या जाहीर देहदंडांबद्दल. राजाला किंवा बंडखोराला चव्हाट्यावर मारायचं ठरलं की मारणारा पक्ष सगळं आखून ठेवतो. जागा, वेळ, कैद्याचे कपडे, लोक किती लांब उभे राहणार, सगळं. आणि तरीही ऐन वेळी तो खेळ त्यांच्या हातून निसटतो. असं एकदा नाही, वारंवार झालेलं दिसतं.

सगळ्यात ठळक उदाहरण इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं. आधीच सांगतो, माणूस काही संत नव्हता. १६२९ पासून अकरा वर्षं त्याने संसद बोलावलीच नाही. मनमानी कर लावले. १६४२ पासून संसदेशी यादवी युद्ध झालं, त्यात हरला, कैदेत पडला, आणि कैदेतूनही स्कॉटलंडवाल्यांशी संधान बांधून १६४८ साली दुसऱ्यांदा युद्ध पेटवलं. तेव्हा मात्र संसदेकडचा सेनानी क्रॉमवेल याच्या सैन्याने ठरवलं की याचा निकालच लावायचा.

आता राजावर खटला भरायचा म्हणजे कायदा कुठला लावायचा? डिसेंबर १६४८ मध्ये कर्नल प्राइडच्या शिपायांनी संसदेच्या दाराशी उभं राहून नको असलेले सभासद बाहेरच ठेवले. उरलेल्यांनी न्यायालय नेमलं. वरिष्ठ सभागृहाने नकार दिला, तर त्याला वगळून पुढे गेले. १३५ जणांची नावं न्यायाधीश म्हणून जाहीर झाली, हजर राहिले त्यातले जेमतेम निम्मे. सेनापती फेअरफॅक्सचं नाव पुकारलं तेव्हा सज्जातून त्याच्या बायकोनेच ओरडून सांगितलं म्हणे, की तो इथे येण्याइतका बिनडोक नाही! अध्यक्ष ब्रॅडशॉ तर आतून पोलादी पत्रा लावलेली टोपी घालून बसला होता. न्यायासनावर बसणाऱ्याला आपलंच डोकं सांभाळावं लागत होतं, यावरून वातावरणाची कल्पना यावी.

२० जानेवारी १६४९ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला. चार्ल्सने आरोपांना उत्तरच दिलं नाही. एकच प्रश्न लावून धरला: तुम्हाला अधिकार कुणी दिला? एरवी हा माणूस बोलताना अडखळायचा, पण त्या दिवसांत अडखळला नाही असं नमूद आहे. २७ तारखेला शिक्षा सुनावली. त्यानंतर त्याला बोलू दिलं नाही. हुकूमनाम्यावर ५९ सह्या.

३० जानेवारी. कडाक्याची थंडी. चार्ल्सने दोन सदरे मागून घेतले. थंडीने अंग कापलं तर बघणाऱ्यांना वाटेल राजा भ्याला, म्हणून. सकाळी दहाच्या सुमारास त्याला सेंट जेम्सहून चालवत व्हाइटहॉलला आणलं, आणि मग नुसतं बसवून ठेवलं. दोन वाजत आले तरी बोलावणं नाही. कारण काय, तर राजा मेला की त्याच क्षणी कायद्याने त्याचा मुलगा राजा होतो! मग डोकं उडवून मिळवलं काय? नवा राजा जाहीर करणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा संसद त्या दिवशी घाईघाईने मंजूर करत बसली होती. इतकी मोठी कारवाई आणि मुख्य कागद शेवटच्या सकाळी. आपल्याकडे निविदा उघडायच्या दिवशी परिपत्रक निघतं, तसलाच प्रकार.

जागा निवडली होती बँक्वेटिंग हाउसच्या बाहेरची. या दालनाचं छत चार्ल्सनेच रुबेन्सकडून रंगवून घेतलेलं. त्यात त्याचा बाप पहिला जेम्स थेट स्वर्गात पोचलेला दाखवलाय. त्या छताखालून चालत जाऊन राजा खिडकीवाटे बाहेर उभारलेल्या मंचावर आला. मंचाला काळं कापड. राजा झटापट करेल या भीतीने त्याला बांधायला फळ्यांत कड्या ठोकून ठेवलेल्या. मान ठेवायचा ओंडका इतका बुटका, की जवळजवळ पालथंच पडावं लागणार. चार्ल्सने विचारलं, याहून उंच नाही का? नव्हता. जल्लाद आणि त्याचा मदतनीस दोघेही मुखवटे आणि केसांचे टोप घालून. ते कोण होते हे आजतागायत नक्की ठरलेलं नाही.

मंच आणि लोक यांच्यामध्ये शिपायांच्या रांगा उभ्या केल्या होत्या, राजाचं बोलणं कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. मग चार्ल्स मंचावरच्या चार लोकांशीच बोलला. पण त्यातले काही जण टिपणं घेत होते! भाषण छापून आलं आणि जे गर्दीला ऐकू जाऊ दिलं नव्हतं ते देशभर वाचलं गेलं. घाव एकच पडला. "हे पाहा देशद्रोह्याचं डोकं" ही ठरलेली आरोळी मदतनिसाने दिलीच नाही, आवाजावरून ओळख पटेल या धास्तीने असावं. गर्दीतून जयजयकार उठला नाही. फिलिप हेन्री नावाचा सतराएक वर्षांचा विद्यार्थी तिथे होता. त्याने लिहून ठेवलंय की असा कण्हण्याचा आवाज आपण कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकू येऊ नये. लगेच घोडेस्वार घालून लोकांना पांगवलं. तरी काहींनी रक्तात रुमाल भिजवून नेलेच.

आणि काही दिवसांतच राजाच्या नावावर प्रार्थना-चिंतनांचं एक पुस्तक बाजारात आलं. वर्षभरात तीसच्या वर आवृत्त्या! उत्तर द्यायला सरकारने मिल्टनसारखा कवी बसवला, तरी लोक वाचत राहिले ते राजाचंच पुस्तक. जिवंतपणी ज्याला लोक वैतागले होते तो दुपारच्या एका घावात हुतात्मा झाला. मला वाटतं त्या दोन सदऱ्यांनी चार्ल्सला जे मिळवून दिलं ते त्याच्या सैन्याला सात वर्षांत जमलं नाही.

तुमच्याकडे अशी उदाहरणं असतील तर येऊ द्या. उलट जाणारी असतील तर आधी येऊ द्या.

---

शेंगदाणा

जागा राखून ठेवतोय. त्या टोपीवरच अडकलोय अजून.

---

गोदाकाठ

वही, मस्त लेख. यानंतर बरोबर दहा वर्षांनी दिल्लीत काय झालं बघा. १६५९ च्या ऑगस्टअखेर औरंगजेबाने दारा शुकोहची धिंड काढली. मळकट हत्तीण, अंगावर जाडेभरडे कपडे, शेजारी पोरगा सिपिहर, मागे नंगी तलवार घेतलेला गुलाम. ज्या रस्त्यांवरून तो युवराज म्हणून मिरवला त्याच रस्त्यांवरून. हेतू सरळ होता: लोकांनी बघावं की हा संपला.

बर्निये हा फ्रेंच वैद्य तिथे हजर होता. त्याने लिहिलंय की जिकडे बघावं तिकडे लोक रडत होते. पण दाराला सोडवायला एकही हात उठला नाही, हेही तोच लिहितो. मार पडला तो दाराला दगा देऊन पकडून देणाऱ्या मलिक जीवनला. त्याच्यावर दुसऱ्या दिवशी लोक दगडधोंडे घेऊन तुटून पडले. हा दंगा पाहून औरंगजेबाने घाई केली आणि दाराला त्याच रात्री बंद दाराआड मारलं. दिवसाढवळ्या धिंड काढणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी काळोख बरा वाटला!

---

तारीख पे तारीख

चार्ल्सचा "अधिकार कुणी दिला" हा प्रश्न आमच्या धंद्यातला, म्हणून लिहिते.

कलकत्त्याचा महाराजा नंदकुमार. मार्च १७७५ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाच खाल्ल्याचा आरोप केला. मे महिन्यात तोच आत. आरोप काय, तर काही वर्षांपूर्वीचं एक खोटं कर्जरोख्याचं प्रकरण. नव्याने आलेल्या सुप्रीम कोर्टापुढे खटला चालला. मुख्य न्यायाधीश एलिजा इम्पी, हेस्टिंग्जचा शाळासोबती. ज्युरी सगळी युरोपियन. इंग्लंडच्या १७२८ च्या कायद्यानुसार खोट्या दस्तऐवजाला फाशी होती. इथल्या कुठल्याही रिवाजात नव्हती, आणि तो कायदा बंगालमध्ये लागू होतो की नाही यावरच वाद. ५ ऑगस्ट १७७५ ला फाशी दिली.

कलकत्त्याचा शेरीफ मॅक्रेबी याने आधीच्या संध्याकाळी त्याची भेट घेतली आणि हकीकत लिहून ठेवली. नंदकुमार शांतपणे बोलला, शेरीफ गेल्यावर हिशेबाचे कागद तपासत बसला. सकाळी पालखीतून वधस्थळी गेला. देह ब्राह्मणांच्याच हाती द्यावा एवढं मागणं. फाशी झाल्यावर लोकांनी आक्रोश करत नदीकडे धाव घेतली, ब्रह्महत्या पाहिल्याचं पाप धुवायला.

सरकारला दाखवायचं होतं की कायद्यापुढे सगळे समान. लोकांनी पाहिलं ते हे, की साहेबाविरुद्ध तक्रार करणारा लटकतो.

---

खडूस

लेख चांगला, पण मला ही सगळी मांडणी जरा जास्तच सोयीची वाटते.

एक, आपण आठवतो ते धीराने मेलेले. लंडनच्या टायबर्न या फाशीच्या जागी वर्षानुवर्षं चोर-भामटे टांगले गेले. तिथे लोक खात-पीत मजा बघत. त्यांनी कुणाच्या हातून कुठला खेळ हिसकावला?

दोन, साक्षीदार कोण? मॅक्रेबी हा फिलिप फ्रान्सिसचा मेहुणा, आणि फ्रान्सिस हेस्टिंग्जचा हाडवैरी. तो नंदकुमार धीरोदात्त दाखवणारच. चार्ल्सची शेवटची वाक्यं कुणी पसरवली? राजनिष्ठांनी. मेल्यावर दोस्तांनी लिहिलेल्या मजकुरावर किती विश्वास ठेवायचा?

---

जुनी वही

खडूसराव, टायबर्नचा मुद्दा मान्य. म्हणूनच धाग्यात राजे आणि बंडखोर म्हटलंय.

साक्षीदारांचं मात्र पटत नाही, कारण शत्रूंनीही हेच लिहिलंय. अँड्र्यू मार्व्हलने १६५० साली क्रॉमवेलच्या गौरवाची कविता लिहिली. त्यात मध्येच चार्ल्सच्या मरणाचं वर्णन येतं, आणि ते आदराने केलेलं आहे. फ्रान्सच्या सोळाव्या लुईचं घ्या. २१ जानेवारी १७९३ ला तो मंचावरून बोलायला लागला तर त्याचा आवाज बुडवायला ढोल बडवले. एका वर्तमानपत्राने तो घाबरला होता असं छापलं, तेव्हा प्रत्यक्ष जल्लाद सांसोंने पत्र पाठवून ते खोडून काढलं. राजाने धीराने आणि ठामपणे सगळं सोसलं असं त्याने लिहिलं. जल्लादाला राजाची बाजू घ्यायचं काय कारण? तेही क्रांतीच्या ऐन भरात, जेव्हा असं लिहिणं स्वतःच्या मानेशी खेळ होता.

आणि उलटही झालंय. १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि चार्ल्सच्या हुकूमनाम्यावर सही करणाऱ्यांना पकडून हालहाल करून मारलं. मेजर जनरल हॅरिसनला मारताना पेपिस हजर होता. तो रोजनिशीत लिहितो की अशा अवस्थेत माणूस जितका प्रसन्न दिसू शकेल तितका हॅरिसन दिसत होता. म्हणजे राजाला मारणाराही तसाच मेला. काही दिवसांनी हे प्रकार थांबवावे लागले, कारण लोकांची सहानुभूती वाहू लागली.

---

निळी शाई

जल्लादांचा विषय निघालाच आहे तर. देखावा बिघडण्याचं एक साधं कारण म्हणजे हात चांगला नसणं.

ॲन बोलेनसाठी १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने कॅलेहून तलवारबाज मागवला. एका घावात काम. बायकोवर केलेली शेवटची मेहेरबानी म्हणायची! उलट स्कॉटलंडची राणी मेरी, ८ फेब्रुवारी १५८७. पहिला घाव चुकून डोक्याच्या मागच्या बाजूला बसला. शेवटी जल्लादाने डोकं केसांना धरून उचललं तर हातात नुसता टोप आला, आणि पिकल्या, बारीक कापलेल्या केसांचं डोकं खाली गडगडलं. तिच्या घागऱ्यात तिचा लहानसा कुत्रा लपलेला सापडला. तिने वरचा काळा झगा उतरवला तेव्हा आत गडद लाल कपडे होते, कॅथलिकांच्या लेखी हुतात्म्याचा रंग. तिला मारणाऱ्या इंग्लंडच्या राणी एलिझाबेथच्या माणसांना हे बरोबर कळलं. रक्त लागलेलं सगळं धुतलं किंवा जाळलं, कुणी अवशेष म्हणून पुजू नये यासाठी.

आणि १६८५ चा, राजाविरुद्ध बंड केलेला ड्यूक मॉनमथ. त्याने जॅक केच या जल्लादाला आधीच सोन्याच्या मोहरा दिल्या आणि बजावलं, लॉर्ड रसेलचे केलेस तसे माझे हाल करू नकोस. केचने पाचेक घाव घातले, मध्येच कुऱ्हाड टाकून दिली, शेवटी सुरी वापरावी लागली. लोक केचलाच फाडून खायला निघाले होते.

---

शेंगदाणा

जेवताना वाचायला घेतला धागा. चूक माझीच.

---

भीमाकाठ

दाराचा उल्लेख आलाय तर तीस वर्षांनंतरचं लिहायलाच हवं. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी संभाजीराजे आणि कवी कलश पकडले गेले. पेडगावच्या बहादूरगडाजवळ छावणीत विदूषकी पोशाख आणि घंटा लावलेल्या टोप्या घालून उंटावरून धिंड काढली. औरंगजेबाचा देखावा तोच, दाराच्या वेळचाच. फरक इतका की इथे बघे म्हणून त्याचीच छावणी होती, दिल्लीकर नव्हते. ११ मार्चला भीमाकाठी वध.

शेवटच्या दिवसांत राजे नेमकं काय बोलले याबद्दल जितके लेखक तितक्या हकीकती. म्हणून मी त्यात शिरत नाही. पुढे काय झालं ते मात्र स्वच्छ आहे. त्याच वर्षी रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि संपलं म्हणता म्हणता लढाई आणखी अठरा वर्षं चालली. बादशहा १७०७ मध्ये नगरला मेला, दिल्ली परत न बघता. जुनी वही यांच्या मांडणीत हे बसतं, पण इथे शब्द नाहीत, टिपणं घेणारे नाहीत, तरी परिणाम तोच. मग "दोन सदरे" हे खरं कारण की निमित्त?

(या विषयावर नेहमीची मारामारी नको. मी उत्तर देणार नाही.)

---

येवलेकर

आमच्या गावच्या माणसाचं राहिलं. तात्या टोपे, मूळचे येवल्याचे. मानसिंगाने दगा दिला, ७ एप्रिल १८५९ ला पकडले गेले. १५ ला शिवपुरीत लष्करी न्यायालय, १८ ला संध्याकाळी फाशी. त्यांचा बचाव चार्ल्सच्या जातकुळीचा, फक्त उलट्या बाजूने: मी इंग्रजांची प्रजा नाही, माझ्या धन्याचा म्हणजे पेशव्यांचा हुकूम पाळला, मग राजद्रोह कसला? याला न्यायालयाकडे उत्तर नव्हतं. गरजही नव्हती.

फाशीनंतर खुद्द गोरे अधिकारी आणि बघे तात्यांच्या केसांची बट मिळवायला गर्दी करत होते. वर रुमालांचं वाचलं तेव्हा हेच आठवलं. राजाच्या रक्ताचे रुमाल नेणारे त्याचे भक्त होते. इथे शत्रूच आठवण घेऊन गेला.

---

गोदाकाठ

भीमाकाठ, तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते बोलण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मागे उभं राहणारं कुणी आहे का. चार्ल्सच्या मागे पोरगा होता (त्यालाच पुढे मुंबई आंदण मिळाली). इथे राजाराम, मग ताराबाई. दाराच्या मागे कुणी उरलं नाही, म्हणून दिल्लीकर रडले आणि घरी गेले.

आणि सरकारं हे सगळं शिकली. इंग्लंडमध्ये १८६८ साली जाहीर फाशी बंद झाली. फ्रान्समध्ये तर १७ जून १९३९ पर्यंत चालू होती. त्या दिवशी व्हर्सायला वाइडमान नावाच्या खुन्याला गिलोटिनवर दिलं, तेव्हा लोकांनी इतका तमाशा केला, वर छायाचित्रं आणि चित्रफीतही बाहेर आली, की आठवड्याभरात सरकारने जाहीर वध बंद केले.

लाहोरला २३ मार्च १९३१. भगतसिंग, सुखदेव आणि आपले खेडचे राजगुरू. फाशी ठरली होती २४ च्या सकाळची, दिली आदल्या संध्याकाळी. देह नातेवाइकांना नाहीत. रातोरात तुरुंगाच्या मागच्या बाजूने बाहेर काढून सतलजकाठी हुसैनीवाल्याजवळ जाळले. त्यांनी तर लेखी मागणी केली होती की आम्ही युद्धकैदी आहोत, फाशी नको, गोळ्या घाला. मंच नाही, गर्दी नाही, ढोल नाहीत, आणि तरी बातमी सकाळपर्यंत देशभर.

---

खडूस

गोदाकाठ यांचं "मागे कोण आहे" हे मला पटतं. धीर वगैरे नंतरची सजावट. चार्ल्स थरथरत मेला असता तरी १६६० ला राजेशाही परत आलीच असती, कारण क्रॉमवेल मेल्यावर त्याच्या मुलाला राज्य सांभाळता आलं नाही.

बाकी क्रॉमवेलचं मडं उकरून काढून फासावर दिलं होतं ना? त्यावर लिहा कुणीतरी.

---

थेम्सचं पाणी

लिहितो. १६५८ मध्ये वारलेला क्रॉमवेल, सोबत त्याचा जावई आयर्टन आणि तो पत्र्याच्या टोपीवाला ब्रॅडशॉ. तिघांची प्रेतं थडग्यांतून काढली आणि ३० जानेवारी १६६१ ला, म्हणजे चार्ल्सच्याच तारखेला, टायबर्नला टांगली. मग मुंडकी छाटून वेस्टमिन्स्टर हॉलच्या छतावर खांबांवर खोचली. खटला चालला होता तोच हॉल. क्रॉमवेलचं म्हणून ओळखलं जाणारं मुंडकं तिथे वीसेक वर्षं होतं. पुढे हातोहात फिरलं, पैसे घेऊन लोकांना दाखवलं गेलं, आणि १९६० साली केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात पुरलं. तो तिथलाच विद्यार्थी. नेमकी जागा मुद्दाम जाहीर केलेली नाही.

लंडनला आलात तर चेअरिंग क्रॉसला चार्ल्सचा घोड्यावरचा पुतळा बघा. तोंड व्हाइटहॉलकडे आहे. त्याच चौकात हॅरिसनला मारलं होतं.

---

खडूस

आणि क्रॉमवेलचा पुतळा संसदेच्या आवारात, त्याच वेस्टमिन्स्टर हॉलला खेटून. म्हणजे शेवटी बरोबरीच की.

---

थेम्सचं पाणी

बरोबरी कसली. तो उभा राहिला १८९९ मध्ये. त्यासाठी सरकारी पैसा द्यायचा म्हटल्यावर आयरिश खासदारांनी असा गोंधळ घातला की सरकारला माघार घ्यावी लागली. आयर्लंडमधल्या द्रोहेदाला क्रॉमवेलच्या सैन्याने केलेली कत्तल ते अडीचशे वर्षांनीही विसरले नव्हते. शेवटी खासगी पैशातून झाला. द्रोहेदावर वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही.